जांभळं बेसिन

वाचकांचे प्रश्न

एरवी या सदराकडे रिपोर्टचे, औषधांचे, पथ्याचे प्रश्न येतात. बारावीचा निकाल लागला की पत्रांचा सूर बदलतो आणि पालक लिहायला लागतात. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. चारही पत्रांमागचा विषय एकच आहे : मोठ्या शहरातलं छोटं, एकच काम शिकवणारं कॉलेज. मी चिपळूणहून १९८६ साली मुंबईत अशाच एका कॉलेजात लॅब टेक्निशियनचं शिक्षण घ्यायला आले. पुढं चोवीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात काम केलं आणि त्यानंतर नऊ वर्षं अशाच एका कॉलेजात शिकवलं. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के पडले. नीटची परीक्षा दिली नाही. तिला लॅबचं काम आवडतं म्हणून दादरजवळच्या एका कॉलेजात डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेला, घालायचा विचार आहे. तिथं फक्त चाळीस जागा आहेत. पाहुणे म्हणतात, एवढ्या लांब आणि एवढ्या बारक्या कॉलेजात कशाला? कॉलेजच्या पुस्तिकेत ‘शंभर टक्के नोकरी’ आणि ‘स्वतःची लॅब सुरू करा’ असं छापलंय. आमची अडीच एकर डाळिंब आहे, दोन वर्षं तेल्या रोगात गेली. मुलीचा मामा कळव्याला असतो, तिथं राहील. पैसे वाया तर जाणार नाहीत ना? विचारायला संकोच वाटतो. — एक वडील, सांगोला

उत्तर : दादा, संकोच कशाला? तेल्यातून वाचवलेल्या बागेचे पैसे आहेत, ते कुठं जाणार हे विचारायलाच हवं. कॉलेजवाल्यांनाही याच शब्दांत विचारा.

पुस्तिका बाजूला ठेवा आणि मुलीला घेऊन एकदा मुंबईला या. प्रवेशाच्या गर्दीचा दिवस टाळा. कॉलेज सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला जा आणि ऑफिसात सांगा, प्रयोगशाळा बघायची आहे. आत गेल्यावर ते तुम्हाला यंत्रं दाखवतील. यंत्रं नंतर बघा. आधी बेसिन बघा.

का ते सांगते. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो एका दमात पुढं ओढायचा. जिभेच्या आकाराचा पातळ थर तयार होतो. तो वाळला की वर लिशमनचा रंग टाकायचा. दोन मिनिटांनी त्याच्या दुप्पट बफरचं पाणी घालायचं, आठ-दहा मिनिटं थांबायचं आणि मग काच नळाखाली धुवायची. धुतलेला रंग बेसिनमध्ये जातो, कडेला बसतो, जाळीच्या भोवती साठतो. शिपायानं कितीही घासलं तरी डाग राहतोच. जिथं पोरं रोज काचा रंगवतात तिथलं बेसिन जांभळं असतं. बेसिन पांढरंशुभ्र असेल तर तिथं काम होत नाही असं समजा, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं टांगलेली असोत. मी शिकवत होते तिथं एक पालक म्हणाले, ‘मॅडम, बेसिन बदला की, बरं दिसत नाही.’ त्यांना मी दुसऱ्या वर्षाच्या पोरींची बोटं दाखवली. तीही जांभळी होती.

मग सूक्ष्मदर्शकं मोजा. वीस जणांच्या तुकडीला निदान दहा तरी हवीत. त्याहून कमी असली तर एक पोरगी बघते आणि बाकीच्या तिच्याकडे बघतात. शंभरच्या भिंगाला लागणाऱ्या तेलाची बाटली उघडून बघा. तेल सुकून बूच चिकटलेलं असेल तर ती बऱ्याच दिवसांत कुणी उघडलेली नाही. हे सगळं मुलीला करू द्या. तुम्ही तिथल्या एखाद्या पोराला हळूच विचारा, ‘बाळा, आतापर्यंत किती जणांचं रक्त स्वतः काढलंस?’ तो आकडा सांगेल किंवा गप्प बसेल. दोन्हीतून तुम्हाला कळेल.

यानंतरचा प्रश्न हॉस्पिटलचा. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल नसेल तर प्रात्यक्षिकं कुठल्या हॉस्पिटलात होतात, किती महिने होतात, आणि त्या हॉस्पिटलशी झालेला लेखी करार आहे का, हे विचारा. करार दाखवायला सांगा. कॉलेज चांगलं असेल तर त्यांना राग येत नाही. पोरांना तिथं नेऊन नुसतं उभं करतात की सॅम्पल घ्यायला देतात, यावर सगळं शिक्षण अवलंबून आहे.

आता कागद. पदविकेवर नाव कुणाचं येणार? तंत्रशिक्षण मंडळाचं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, दुसऱ्या विद्यापीठाचं, की त्या संस्थेचं स्वतःचंच? त्या कागदावर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? केंद्रानं २०२१ साली या सगळ्या व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केलाय, त्यामुळे शिक्षण आणि नोंदणी दोन्हींची तपासणी पुढं कडक होत जाणार. कौन्सिलकडे तुम्ही स्वतः विचारा, कॉलेजच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि कुणी परराज्यातल्या विद्यापीठाची घरबसल्या पदविका देतो म्हणाला तर त्याच्या दारातूनच परत फिरा. शीर शोधायला घरबसल्या शिकता येत नाही.

‘स्वतःची लॅब सुरू करा’ हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण या एका वाक्यापायी कर्ज काढलेले तरुण मी पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. टेक्निशियनला एकट्याच्या सहीनं रिपोर्ट देता येत नाही. तुमची मुलगी उद्या लॅबमधलं सगळं काम करील, लॅब चालवायला मदत करील, पण सही डॉक्टरची लागेल. हे माहीत असून जे कॉलेज पुस्तिकेत असं छापतं, त्याच्या बाकीच्या वाक्यांकडेही जरा जपून बघा.

‘शंभर टक्के नोकरी’चंही तसंच. कुठली नोकरी, एवढंच विचारा. सकाळी साडेपाचला बॅग घेऊन घरोघरी सॅम्पल गोळा करणं हीसुद्धा नोकरीच धरतात. ते काम मी कमी लेखत नाही, त्यानं हात फार चांगला बसतो. पण तीन वर्षांनी पोरगी तेवढंच करत असेल तर मशीनवरचं, मायक्रोस्कोपवरचं ती विसरते. मागच्या वर्षी पास झालेल्या पाच जणांचे फोन नंबर मागा आणि प्रत्येकाला एकच विचारा : रोज काय काम करतोस?

पाहुणे बारक्या कॉलेजबद्दल बोलतात, त्यावर माझा अनुभव सांगते. आमचा वर्ग चोवीस जणांचा होता. पहिल्यांदा रक्त काढायला बसले तेव्हा दोनदा सुई घातली आणि दोन्ही वेळा शीर हुकली. माझे कान तापले. सर मागंच उभे होते. पेशंटची माफी मागून त्यांनी मला डोळे मिटायला लावले, माझं बोट धरून कोपराच्या खळगीत ठेवलं आणि म्हणाले, ‘डोळ्यांनी शोधू नकोस, दिसते ती शीर फसवते. बोटाला रबरासारखी उडी लागते तिथं थांब.’ ती उडी मला लागली. त्यानंतर हजारो लोकांचं रक्त काढलं, त्यात सुरकुतलेल्या म्हाताऱ्या होत्या आणि सहा महिन्यांची बाळंही होती. आजही मी आधी बोट ठेवते. दोनशे जणांच्या वर्गात कुठल्या सरांना माझ्या मागं उभं राहायला सवड मिळाली असती?

पण छोट्या कॉलेजचा धोकाही तिथंच आहे. शिकवणारे तीनच जण असतात. त्यातला एक आळशी निघाला तर एक तृतीयांश शिक्षण गेलं. म्हणून शिक्षकांची नावं विचारा आणि ते किती वर्षं तिथं आहेत ते विचारा. दर सहा महिन्यांनी माणसं बदलत असतील तर मुलीला तिथं घालू नका.

राहण्याचं. कळव्याला मामा आहे हा मोठा आधार, पण एक लक्षात घ्या. लॅबचं काम सकाळी लवकर सुरू होतं, कारण उपाशीपोटीची सॅम्पलं सकाळीच येतात. हॉस्पिटलची पाळी आठची असेल तर मुलीला सहा-साडेसहाला घर सोडावं लागेल. कळव्याला गाडी कल्याण-डोंबिवलीहून भरूनच येते, नव्या पोरीला दारात पाय ठेवायला जागा मिळत नाही. तिला सांगा, पहिले दोन महिने ठाण्यापर्यंत जाऊन तिथून सुटणारी धीमी लोकल पकडायची. वेळ थोडा जास्त लागेल, पण डब्यात नीट चढता येईल आणि बहुतेक वेळा बसायलाही मिळेल. कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी घेतला की विद्यार्थ्यांचा पास बराच स्वस्तात निघतो. दुसऱ्या वर्षी पाळ्या वाढल्या की दादर-परळकडे चार मुलींनी मिळून खोली किंवा कॉट बेसिसवर जागा बघा.

तुम्ही अल्पभूधारक आहात, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची माहिती घ्या. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. मुलींसाठी २०२४ पासून शासनानं फीमाफीचा निर्णय केलेला आहे. पण या सगळ्याला एक अट असते : अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा आणि प्रवेश शासनाच्या रीतसर प्रक्रियेतून झालेला हवा. म्हणून मॅनेजमेंट कोट्याचे पैसे भरण्याआधी कॉलेजात विचारा, ‘महाडीबीटीच्या, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, यादीत तुमचा हा कोर्स आहे का? असेल तर दाखवा.’ उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला, लागू असेल तो, तहसीलातून आत्ताच काढून ठेवा. जुलैत तिथं रांगा लागतात.

माझं मत विचारलंत तर, बेसिन जांभळं असेल आणि कौन्सिलची नोंदणी होत असेल तर पाठवा मुलीला.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूर जिल्ह्यातली. मुंबईत पॅरामेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज म्हणजे बँकेच्या वर तिसऱ्या मजल्यावर पाच खोल्या. ग्राउंड नाही, कँटीन नाही, गॅदरिंग नाही. वर्गात अठ्ठावीस जण, तरी डबा मी एकटीच खाते. माझ्या मैत्रिणी पुण्यात मोठ्या कॉलेजांत आहेत, त्यांचे फोटो बघून रडू येतं. गावी कुणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगायचं टाळते. मागच्या महिन्यात एकदा खोटं नाव सांगितलं. तेव्हापासून झोप लागत नाही. — एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, तू खोटं बोललीस ते मनाला लागलं म्हणून झोप लागत नाही. तुझं मन ठिकाणावर आहे. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना पुढच्या वेळी खरं नाव सांग, एवढं केलंस की झोप लागेल. बाकीचं मी सांगते.

मी आले तेव्हा लालबागला काकांकडे राहत होते. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सात जण. काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचं खातं पुन्हा कधी उघडलंच नाही. मी आले त्या वर्षी ते एका दुकानात हमाली करत होते. काकू खानावळ चालवायची आणि संध्याकाळी मी पोळ्या लाटायला बसायचे. माझं कॉलेजही वरच्या मजल्यावर होतं, खाली शिलाई मशीनचं दुकान. मला लाज वाटायची. काकांनी एकदा विचारलं, ‘काय शिकवतात गं तिथं?’ मी म्हटलं, ‘रक्तातल्या पेशी मोजायला.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्या खात्यात सूत मोजणारा होता, त्याच्यावाचून माग चालत नव्हता.’ त्या रात्रीनंतर मला कॉलेजचं नाव सांगायला कधी अडखळायला झालं नाही.

तुमच्या कॉलेजला ग्राउंड नाही, पण तू परळच्या जवळ आहेस असं तुझ्या पत्त्यावरून दिसतं. मग एका रविवारी असं कर. केईएमच्या फाटकापासून चालायला लाग. हे रुग्णालय १९२६ सालचं. तिथून जवळच टाटा, १९४१ पासून देशभरचे कॅन्सरचे पेशंट तिथं येतात, बाहेरच्या फुटपाथवर बसलेली कुटुंबं तुला दिसतील. त्यांच्या हातातल्या फायलींत जे रिपोर्ट असतात ते कुणी तरी लॅबमध्ये बसून केलेले असतात. आणखी पाच-दहा मिनिटांवर हाफकिन संस्था. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन इथं आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्याशा प्रयोगशाळेत, हाताखाली मोजकी माणसं घेऊन त्यांनी तीन-चार महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये ते १८९९ साली आले. एवढी मोठी इमारत नंतर मिळाली, काम आधी छोट्या खोलीत झालं होतं. तुझ्या अभ्यासक्रमाचा इतिहास या दोन किलोमीटरच्या आत आहे. पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्राउंडवर तो नाही.

अभ्यासाला जागा नसेल तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. तिथं अभ्यासिकेची चौकशी कर. आम्ही चौघी मैत्रिणी महिन्यातून एकदा शिवाजी मंदिरात बाल्कनीचं तिकीट काढून नाटक बघायचो आणि येताना दोन कटिंग चौघींत प्यायचो. तेच आमचं गॅदरिंग. अजून आम्ही चौघी एकमेकींच्या घरच्या लग्नाला जातो. अठ्ठावीस जणांत एक जरी जिवाभावाची मिळाली तरी पुरे, आणि अठ्ठावीसांत ती शोधायला सोपी असते. तू लिहिलंयस त्यावरून तू डबा एकटीच खातेस. उद्यापासून कुणाच्या तरी शेजारी बस.

फोटोंचं मला तुझ्याइतकं कळत नाही. पण एक सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये मलेरियाचे पेशंट वाढले की आमच्या टेबलावर काचांची रास पडायची. एका दुपारी, ऐंशीवी-नव्वदावी काच असेल, मला तांबड्या पेशींच्या गर्दीत चंद्रकोरीसारखं काही तरी दिसलं. फाल्सिपॅरम, मलेरियाचा घातक प्रकार. शांतपणे पुन्हा बघितलं, मॅडमना बोलावलं, वॉर्डला फोन केला. पेशंट एकोणीस वर्षांचा मुलगा होता, सकाळपासून बडबडत होता. त्याला वेळेवर औषध मिळालं आणि तो नवव्या दिवशी चालत घरी गेला. जाताना त्याच्या आईला माहीतसुद्धा नव्हतं की काच कुणी बघितली. मी खिडकीतून तिला जाताना बघितलं. याचा फोटो कुणी काढला नाही, पण चाळीस वर्षांत मला कुठल्या गोष्टीचा आनंद सगळ्यात जास्त झाला असं विचारलंस तर मी हीच सांगीन.

तरीही रडू थांबलं नाही, जेवण जाईना, सकाळी उठावंसं वाटेना, तर ‘मुंबईत सगळ्यांनाच असं होतं’ म्हणून सोडून देऊ नकोस. ज्या हॉस्पिटलात तुझी प्रात्यक्षिकं आहेत तिथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढ. मीही एका वर्षी काढला होता.

प्रश्न : मॅडम, मी परभणीचा, मराठी माध्यमातून शिकलो. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी शब्दांमुळे दोन विषय राहिले. थ्रोम्बोसायटोपेनिया असले शब्द पाठच होत नाहीत. कॉलेज सोडू का? — एक विद्यार्थी

उत्तर : सोडू नकोस. ते शब्द इंग्रजी माध्यमाच्या पोरांनाही परके असतात, कारण बहुतेक ग्रीकमधून आलेत. ते पाठ करायचे नसतात, फोडायचे असतात. आपण शाळेत संधी सोडवायचो ना, तसं.

थ्रोम्बो म्हणजे गुठळी. सायट म्हणजे पेशी. पेनिया म्हणजे उणीव. झालं : गुठळी धरणाऱ्या पेशींची उणीव, म्हणजे प्लेटलेट कमी. डेंग्यूच्या दिवसांत रोज हाच शब्द तुझ्यासमोर येईल. आता पेनिया कळला की ल्युकोपेनिया आपोआप कळला, ल्युको म्हणजे पांढरा. एरिथ्रो म्हणजे तांबडा. हेपॅटो यकृत, आयटिस दाह, म्हणजे हेपॅटायटिस. हायपर जास्त, हायपो कमी, ग्लायसे साखर, ईमिया रक्तात. मग हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर जास्त, आणि उलट शब्द तू स्वतः तयार करशील.

अशा साठ-सत्तर तुकड्यांची एक वही कर. डाव्या बाजूला तुकडा, उजवीकडे मराठी अर्थ. मी चाळीतल्या कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहायचे, कपडे काढताना रोज दिसायचं. काकू ते वाचायच्या आणि मला अर्थ विचारायच्या. त्यांनाच आधी पाठ झालं.

तोंडी परीक्षेत वाक्य अडलं तर सरळ म्हण, ‘सर, मराठीत सांगू का?’ मी परीक्षक म्हणून बसायचे तेव्हा असं विचारणाऱ्याला कधी कमी मार्क दिले नाहीत. त्याला विषय कळलेला असायचा, म्हणूनच तो विचारायचा. राहिलेल्या दोन विषयांचा फॉर्म मुदतीत भर.

प्रश्न : मुलानं मुंबईत एका कॉलेजात प्रवेश घेतला. त्यांनी दहावी-बारावीची मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला ‘कोर्स संपेपर्यंत’ ठेवून घेतला. आता दुसरीकडे चांगल्या ठिकाणी नंबर लागतोय, तर कागद देत नाहीत, सगळी फी भरा म्हणतात. — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मार्कशीट ठेवून घेण्याचा त्यांना अधिकार नाही. मूळ कागद बघून, पडताळून तिथल्या तिथं परत करायचे असतात आणि झेरॉक्स ठेवायच्या असतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना हे लेखी कळवलेलं आहे, फी परत करण्याचे नियमही त्यातच आहेत. शाळा सोडल्याचा दाखलाही त्यातच येतो, तरी बरीच कॉलेजं तो प्रवेशाच्या वेळी जमा करून घेतात. तिथून निघताना त्यांनी स्वतःच्या कॉलेजचा दाखला द्यायचा असतो, तोही अर्जात मागा.

तुमचं पत्र वाचून माझा जुना दिवस आठवला. १९८९ साली मी एका खाजगी ठिकाणी उमेदवारी करत होते. त्यांनी माझी पदविका ‘फाइलला’ ठेवून घेतली होती. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या जागेसाठी मला मुलाखतीचं पत्र आलं, मूळ कागद घेऊन तिसऱ्या दिवशी हजर राहायचं होतं. मी दोन दिवस त्यांच्या दारात बसले. साहेब बाहेरगावी, कपाटाची किल्ली साहेबांकडे. ती मुलाखत गेली आणि पुढची भरती निघायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत काकूच्या खानावळीवर मी जेवले, हे मी विसरलेले नाही.

म्हणून तुम्ही तोंडी भांडत बसू नका. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा : अमुक तारखेला अमुक कागद जमा केले, ते प्रवेश रद्द करण्यासाठी परत हवेत. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. सात दिवसांत कागद आले नाहीत तर त्याच अर्जाची प्रत जोडून, कॉलेज ज्या विद्यापीठाशी किंवा मंडळाशी जोडलेलं आहे तिथं तक्रार द्या. पदविकेचं कॉलेज असेल तर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या विभागीय कार्यालयातही द्या. दरम्यान दुसऱ्या कॉलेजात सध्याची परिस्थिती लेखी कळवा आणि कागद सादर करायला मुदत मागा. बहुतेक ठिकाणी हमीपत्रावर ती मिळते. दहावी-बारावीच्या मार्कशीटची दुय्यम प्रत बोर्डाच्या विभागीय कार्यालयातून मिळते, तुमचं कार्यालय नाशिकलाच आहे. एकीकडे तोही अर्ज आजच टाकून ठेवा.